दिव्याआडचा हात

श्रोते हो, नमस्कार.

मी सावंतवाडीत राहते, जलरंग शिकते आहे आणि पुढचे आयुष्य चित्रकलेतच जावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. चित्र काढावेसे का वाटते, याचे उत्तर शोधू लागले की मी दोन गोष्टींपाशी येऊन थांबते. एक आमच्या गावची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते, आणि दुसरी, याच गावात जन्मलेल्या एका चित्रकाराने रंगवलेला दिवा.

येथील राजवाड्यात गंजिफेची गोल पाने आजही हाताने रंगवली जातात. ही कला लोपत चालली होती, तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी तिला राजवाड्यातच आसरा दिला. दशावतारी गंजिफेत १२० पाने असतात. प्रत्येक अवताराची बारा, म्हणजे राजा, वजीर आणि एकपासून दहापर्यंतची. शाळा सुटल्यावर मी तेथे जाऊन कारागिरांचे हात पाहत बसत असे. मत्स्याच्या दहाव्या पानावर, तळहातात मावेल एवढ्या वर्तुळात, दहा मासे बसवायचे असतात आणि तरीही त्यांची दाटी वाटता कामा नये. दोन माशांमधली मोकळी जागासुद्धा रंगवणाऱ्याने ठरवलेली असते, हे मला तेथे प्रथम उमगले.

दिवा रंगवणारे चित्रकार म्हणजे सावळाराम लक्ष्मण हळदणकर. १८८२ साली सावंतवाडीत जन्मलेले हळदणकर मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले. एका हातात दिवा धरून दुसऱ्या हाताने त्याला आडोसा करणारी स्त्री त्यांनी १९४५-४६च्या सुमारास रंगवली आणि त्यासाठी त्यांची मुलगी गीता समोर उभी राहिली होती. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने प्रसिद्ध असलेले हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा झाल्यावर वडिलांनी मला ते दाखवायला नेले. त्या स्त्रीच्या बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड पाहिला आणि हे चित्र जलरंगातले आहे यावर माझा विश्वासच बसेना.

श्रोते हो, माझ्या आश्चर्याचे कारण थोडे सविस्तर सांगायला हवे. तैलरंगात गडद रंगावर शेवटी फिकट रंग चढवून उजेड आणता येतो. पारदर्शक जलरंगात तशी सोय नसते, कारण तेथे उजेड म्हणजे रंगाच्या पातळ थरातून दिसणारा मूळ कागदच असतो आणि तो एकदा झाकला गेला की पुन्हा पूर्वीसारखा उजळत नाही. म्हणून पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, देण्यापूर्वीच उजेड कोठे राखायचा हे ठरलेले असावे लागते आणि ते ठरवण्यासाठी समोरची वस्तू फार वेळ, फार मन लावून पाहावी लागते. माझ्यासाठी कला म्हणजे हे पाहणे आहे.

म्हैसूरहून परतल्यावर मला जाणवले की तो हात मी लहानपणापासून पाहत आले होते. पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली की आजी तुळशीपाशी ठेवायचा दिवा असाच तळहाताच्या आडोशाने अंगणात नेते. तिची बोटेही तशीच तांबूस होतात, फक्त सांध्यांपाशी उजेड अडतो. इतकी वर्षे ते माझ्या डोळ्यांसमोर असूनही मी कधी पाहिले नव्हते, याचे मला खरोखर वाईट वाटले.

गेले दोन पावसाळे मी आजीचा तो हात रंगवते आहे. आधी अगदी पातळ पिवळा, तो पूर्ण वाळल्यावर नारिंगी आणि कडांना तांबडा, असे थर मी देते. कोकणातल्या दमट हवेत कागद लवकर वाळत नाही, उतावीळपणे दुसरा थर दिला की रंग एकमेकांत उतरतात आणि बोट मातकट होते. असे कितीतरी कागद बाजूला ठेवले आहेत, पण त्यांतला एकही मी टाकून दिलेला नाही. आजी न कंटाळता रोज संध्याकाळी माझ्यासाठी अंगणात क्षणभर थांबते आणि वारा आला की मात्र माझ्याकडे न पाहता हात दिव्याच्या आणखी जवळ नेते. त्या वेळी तिची करंगळी जशी उजळते, तशी ती अजून माझ्या कागदावर आलेली नाही.