जाड रेडिएटरचा मोह

विषय दिलाय परफॉर्मन्स गाडीसाठी नवा रेडिएटर कसा निवडावा. त्याकडे येतोच, पण आधी थर्मोस्टॅटबद्दल, म्हणजे इंजिन तापेपर्यंत गार करणारं पाणी (कूलंट) रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हबद्दल, बोलल्याशिवाय मला चैन पडणार नाही. गाडी तापते म्हणून तुम्ही गॅरेजात जाता. मिस्त्री रेडिएटरकडे बघतसुद्धा नाही. म्हणतो, "साहेब, हा व्हॉल्व्ह काढून टाकू. आपल्या हवेत लागत नाही." किती जणांनी हे ऐकलंय? अर्धं सभागृह! उरलेल्यांचा न विचारताच काढला असणार.

अहो, इंजिन ८०-८५ अंशांवर यावं म्हणून तो बसवलेला असतो. तो काढला की इंजिन लवकर गरमच होत नाही. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, समजतो, अजून थंड आहे, आणि पेट्रोल जास्त सोडत राहतो. ते सिलिंडरवरचं ऑइल धुऊन काढतं, रिंगा झिजतात. आणि गाळाने तुंबलेला कोअर, म्हणजे रेडिएटरचा नळ्या-जाळीचा गाभा? तो तसाच. वर त्याच गाडीला मोठा रेडिएटर लावणारेही मी पाहिलेत. त्यांना कोपरापासून नमस्कार.

आमच्या एका मित्राची जुनी होंडा सिटी व्हीटेक, दीड लिटर, १०६ बीएचपी. पठ्ठ्याने तिला टर्बो चढवला. पुढे टर्बोची तापलेली हवा गार करणारा इंटरकूलर, मागे एसीचा कंडेन्सर आणि त्यामागे ५२ मिलिमीटर जाड, चकचकीत अॅल्युमिनियमचा रेडिएटर. मूळचा पंखा बसेना, म्हणून श्राउड, म्हणजे पंख्याभोवतीचं आवरण, भंगारात गेलं आणि एक बारका पंखा जाळीवरच टायने बांधला. एक्स्प्रेसवेवर तापमानाचा काटा जागचा हलेना. त्याचा फोटोही आला आम्हाला. काढला कुणी ते विचारू नका. मग खंडाळ्याच्या घाटात ट्रेलर आडवा. गाड्या उभ्या, एसी चालू, आणि कूलंट रस्त्यावर. यावर मित्रमंडळींचा सल्ला काय? अजून जाड घे!

हवा कोअरमध्ये शिरली की पहिल्या थरातच बरीच तापते. मागच्या थरांना ती तापलेलीच मिळते. शिवाय जाडी वाढली की हवेला अडथळाही वाढतो. म्हणून जाडी दुप्पट केली तरी गारवा दुप्पट होत नाही. आणि गाडी उभी असताना हवा ओढणार कोण? पंखाच. श्राउड नसेल, तर तो आपल्यासमोरच्या गोलापुरतीच ओढतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, भराभर सांगतो. आधी लांबी-रुंदी वाढते का बघा, जाडी नंतर. मूळ श्राउड आणि पंखा बसतील एवढाच जाड घ्या. जाळी फार दाट नको, धुळीने बुजते. ट्रॅकवर, म्हणजे कोईमतूरच्या करी स्पीडवेसारख्या ठिकाणी, गाडी वेगात असते. तिथे जाड कोअर चालेल, पण बाजूच्या फटी बंद करा, नाहीतर हवा कोअर सोडून बगलेतून निघून जाते. तांबं उष्णता जास्त वाहतं, खरंय, पण जुन्या रेडिएटरात जाळी नळ्यांना डाग देऊन जोडलेली असते आणि तो डाग तितकी वाहत नाही. अॅल्युमिनियम हलकं, नळ्याही रुंद करता येतात. कोअरच्या टोकांना असलेल्या वेल्डिंगच्या टाक्या प्लास्टिकच्या टाक्यांसारख्या वयाने तडकत नाहीत, मात्र वेल्ड वाईट असेल तर तिथूनच गळतात. प्रेशर टेस्ट करूनच घ्या. झाकण कंपनीने सांगितलेल्या दाबाचंच लावा. १.१ बारचं झाकण साध्या पाण्याचाही उत्कलनबिंदू १२० अंशांपर्यंत नेतं. बोअरचं पाणी घालू नका, क्षार बसतात.

ऑइल कूलरचं राहिलं. ते चहाच्या वेळी विचारा.