केसच्या आत काय लिहिलंय

नमस्कार, श्रोतेहो.

साखळीला लावून कोटाच्या खिशात ठेवायचं, रोज किल्ली द्यावी लागणारं जुनं घड्याळ कुणाच्या हाती लागलं, की पहिला प्रश्न हमखास येतो: सोन्याचं आहे का? या एका प्रश्नापायी जगभर असंख्य घड्याळं संपली. सोन्याचा भाव चढला की केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं धातूचं कवच, उतरवायची, वितळवायची, आणि आतलं मशीन डब्यात टाकून द्यायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. अशी केस गमावलेली मशीनं जुन्या सामानात आजही सापडतात. त्यांतली कित्येक नीट साफ केली तर पुन्हा चालतात. मला आज बोलायचं आहे ते या मशीनविषयी, कारण घड्याळ म्हणजे तेच.

मागचं झाकण उघडलं की नजर आधी जाते ती सतत मागेपुढे हेलकावणाऱ्या चाकाकडे. ते बॅलन्स. बहुतेक जुन्या खिशातल्या घड्याळांत ते सेकंदाला पाच झोके घेतं, म्हणजे तासाला १८,००० आणि दिवसाला ४,३२,०००. त्याचा आस ज्या टोकांवर फिरतो ती टोकं जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीची असतात. घड्याळ हातातून एकदा पडलं की सगळ्यात आधी मोडतात ती हीच. बॅलन्सला मध्यावर परत खेचणारी जी अगदी बारीक, गुंडाळलेली स्प्रिंग असते, ती हेअरस्प्रिंग. ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६७५ साली ती घड्याळात आणली. आपल्याला ती आधी सुचली, असा दावा इंग्लंडच्या रॉबर्ट हुकने केला, आणि तो वाद खूप रंगला. त्याआधीच्या बहुतेक घड्याळांना मिनिटकाटाच नसे, कारण मिनिटं दाखवण्याइतका त्यांचा भरवसाच नव्हता. एका स्प्रिंगने तो भरवसा आणला.

आता वळतो घड्याळाच्या ओळखीकडे. केसवरचा नंबर आणि मशीनवरचा नंबर वेगवेगळे असतात, आणि वय काढायचं ते मशीनवरच्या नंबरावरून. अमेरिकेत वॉल्थॅम, एल्जिन यांसारख्या कारखान्यांची मशीनं एकीकडे बनत आणि केस बहुधा दुसरीकडे. गिऱ्हाईक दुकानात दोन्ही निवडून एकत्र बसवून घेई. या कारखान्यांच्या नंबरांच्या याद्या उपलब्ध आहेत, त्यामुळे मशीन साधारण कोणत्या साली बनलं ते कळतं. इंग्लिश चांदीच्या केसवर मात्र ठशांची रांग असते. चालत्या सिंहाचा ठसा म्हणजे चांदी स्टर्लिंग दर्जाची, आणि शेजारचं एकच अक्षर म्हणजे तपासणीचं वर्ष. ते अक्षर वाचायला शिकण्यात जो आनंद आहे, तो मी तरी कशाशी बदलणार नाही.

पण त्याहूनही मौल्यवान खुणा केसच्या आतल्या बाजूला असतात. भिंगातून पाहिलं तर तिथे सुईने कोरलेली बारीक अक्षरं दिसतात: एखादी तारीख, कुणाची आद्याक्षरं, एखादा आकडा. घड्याळ दुरुस्तीला आलं की कारागीर आपल्या कामाची अशी नोंद करून ठेवत. शंभर-दीडशे वर्षांत ते किती हातांतून गेलं, हे त्या ओरखड्यांवरून वाचता येतं.

असल्या नोंदींपैकी सगळ्यात विलक्षण नोंद अब्राहम लिंकन यांच्या घड्याळात आहे. एप्रिल १८६१ मध्ये ते सोन्याचं घड्याळ वॉशिंग्टनमधल्या एका जवाहिऱ्याकडे दुरुस्तीला होतं. जोनाथन डिलन नावाचा कारागीर त्यावर काम करत असताना फोर्ट सम्टर या किल्ल्यावर हल्ला झाल्याची बातमी आली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाची ती सुरुवात. डिलनने तबकडीखालच्या पितळी पत्र्यावर १३ एप्रिल १८६१ ही तारीख टाकली, किल्ल्याचं नाव थोडं चुकीच्या स्पेलिंगने लिहिलं, बंडखोरांनी हल्ला केल्याचं कोरलं, आपल्याला सरकार आहे याबद्दल देवाचे आभार मानले आणि घड्याळ बंद करून परत दिलं. पुढे म्हातारपणी, १९०६ साली, त्याने ही हकिगत एका वृत्तपत्राला सांगितली. ती कुटुंबात सांगोवांगी चालत राहिली. शेवटी २००९ च्या मार्चमध्ये स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयाने घड्याळ उघडलं, तर अक्षरं जागच्या जागी होती. डिलनला म्हातारपणी आठवत होते ते शब्द नेमके तसे नव्हते, पण नोंद खरी होती.

मधल्या १४८ वर्षांत एखाद्या हौशी माणसाने तो पत्रा घासून चकचकीत केला असता तर? म्हणूनच माझा आग्रह आहे, आणि तो मी जरा जोरातच मांडतो: जुन्या घड्याळाला नवंकोरं करू नका. ते चालतं करा, स्वच्छ करा आणि हात आवरा. केस पॉलिश केली की ठसे पुसट होतात, नक्षीच्या कडा बोथट होतात आणि ते नुकसान भरून येत नाही. मिन्याच्या पांढऱ्या तबकडीवर केसासारखा बारीक तडा असेल तर असू द्यावा. तडा रंगाने बुजवलेली तबकडी मला तरी तडा गेलेल्या तबकडीपेक्षा केविलवाणी वाटते. एखादा भाग बदलावाच लागला, तर काढलेला जुना भाग पुडीत घालून घड्याळासोबत ठेवावा आणि काय बदललं ते लिहून ठेवावं.

दुरुस्तीत नवशिका कुठे अडखळतो तेही सांगतो. ‘जास्त किल्ली दिली म्हणून घड्याळ बंद पडलं,’ असं वारंवार ऐकू येतं. असं सहसा होत नाही. मेनस्प्रिंग, म्हणजे घड्याळाला चालवणारी मुख्य स्प्रिंग, शेवटपर्यंत गुंडाळली गेली की किल्ली फिरायची थांबते, एवढंच. घड्याळ अडतं ते बहुतेक वेळा जुनं तेल वाळून चिकट झाल्यामुळे. अशा घड्याळाला हलवून किंवा तेलाचा आणखी थेंब सोडून चालवायला जाऊ नये. आत साचलेली धूळ त्या तेलात मिसळली की ती आस झिजवते. घड्याळ पूर्ण उघडून साफच करावं लागतं. उघडण्याआधी मेनस्प्रिंगचा ताण हळूहळू उतरवायचा. तो तसाच ठेवून पूल, म्हणजे चाकांना वरून धरून ठेवणारी पट्टी, सैल केला तर चाकं एका क्षणात सुसाट फिरतात, दाते आणि टोकं मोडतात.

साफ करताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बॅलन्सला धक्का देणाऱ्या लिव्हरला बसवलेले छोटे माणिक आणि बॅलन्सखालचा खडा लाखेने चिकटवलेले असतात, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. ते भाग अल्कोहोलमध्ये भिजत ठेवले तर खडे सुटून येतात. तेलाचाही तोच काटेकोरपणा. मेनस्प्रिंगच्या बाजूला दाट तेल, बॅलन्सच्या टोकांना अगदी पातळ, आणि लिव्हरचा आस ज्या टोकांवर फिरतो त्यांना तेल द्यायचंच नाही. तिथे थेंब पडला तरी चाल मंदावते.

आणखी एक, जिवाशी संबंधित. अंधारात चमकणारे काटे आणि आकडे असलेली, पहिल्या महायुद्धाच्या सुमाराची आणि त्यानंतरची घड्याळं हाती लागली तर त्यांचा रंग कधीही खरवडू नका. त्यात रेडियम असू शकतं. चमक कधीच गेलेली असते, पण रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं आहे. धोका त्याची पूड श्वासातून किंवा तोंडातून शरीरात जाण्याचा. अशी तबकडी बंद काचेमागेच राहू द्यावी.

संग्रह सुरू करायचा असेल तर माझा सल्ला अमेरिकन रेल्वे घड्याळांचा. १८९१ साली ओहायोमधल्या किप्टनला दोन गाड्यांची धडक झाली. एका चालकाचं घड्याळ मध्येच चार मिनिटं थांबलं होतं, असं सांगतात. त्यानंतर वेब बॉल या जवाहिऱ्याने रेल्वेसाठी घड्याळांच्या तपासणीची शिस्त घालून दिली, आणि नियम कडक होत गेले. आठवड्याला ३० सेकंदांहून जास्त फरक चालत नसे. मशीनला किमान १७ खडे, म्हणजे झीज टाळायला बसवलेले माणिक, लागत, आणि ते उभं, आडवं अशा पाच वेगवेगळ्या स्थितींत जुळवलेलं असावं लागे. तबकडीवर ठळक आकडे, आणि वेळ लावायला समोरची काच उघडून ओढायची छोटी दांडी, म्हणजे किल्ली देताना चुकून काटे सरकायला नकोत. ही घड्याळं रोज वापरायला आणि पुन्हा पुन्हा उघडायला बनलेली होती. भाग कारखान्यात एकसारखे बनत, त्यामुळे एका बंद पडलेल्या मशीनचा भाग त्याच प्रकारच्या दुसऱ्यात बहुधा थोड्या जुळवणीने बसतो. सुरुवातीला सांगितलेली केस गमावलेली मशीनं इथे फार कामाला येतात.

विकत घेण्याआधी मागचं झाकण उघडून पाहायला मिळालंच पाहिजे, असा हट्ट धरा. बॅलन्स हलकेच हलवल्यावर मोकळा झोका घेतो का, स्क्रूंच्या डोक्यांवर स्क्रूड्रायव्हर घसरल्याच्या जखमा आहेत का, गंज आहे का, तबकडीच्या पायांजवळ, म्हणजे तिला मशीनवर धरून ठेवणाऱ्या मागच्या खुंट्यांजवळ, तडे आहेत का, एवढं पाहा. सोन्याची केस आहे की नाही, ते सगळ्यात शेवटी विचारा.