साडेसातशे किलो कुठले?

मंडळी, विषय फळ्यावर लिहिलाय: छोट्या ट्रॅक्टरच्या फ्रंट लोडरची, म्हणजे पुढं दांड्यांवर बकेट लावून माल उचलणाऱ्या जोडणीची, उचलक्षमता कशी ताडून पाहावी. त्यावर मी येणारच आहे. पण आधी हात वर करा, बैलगाडी कुणी कुणी भरलीय? पुढच्या दोन रांगा सगळ्या. मागं बसलेल्या पोरांत दोघंच.

म्हणजे उलाळ आणि धुरजड हे शब्द पुढच्यांना सांगायला नकोत. मागच्यांसाठी सांगतो. ओझं चाकाच्या मागं जास्त पडलं की जू वर उचलतं आणि बैलाच्या गळ्याला जोतं आवळतं, ती गाडी उलाळ. ओझं पुढं पडलं की सगळा भार मानेवर, ती धुरजड. माझे आजोबा कडबा रचता रचता मधूनच खाली उतरायचे, जू एका हातानं उचलून बघायचे आणि वर उभ्या माणसाला म्हणायचे, "अजून दोन पेंढ्या मागं." काटा नाही, मोजपट्टी नाही, पण भार कुठं पडतोय हे हाताला कळायचं. आज मी जे सांगणार आहे ते सगळं त्या एका हातात होतं.

आता माझी गोष्ट. आमची मोसंबीची बाग आहे. झाडांच्या ओळींत मोठा ट्रॅक्टर घातला की फांद्या मोडतात, म्हणून 24 एचपीचा छोटा घेतला, फोर व्हील ड्राइव्ह. पत्रकात ठळक अक्षरांत होतं, उचलक्षमता 750 किलो. मग उकिरडा भरायला माणसं मिळेनात, म्हणून एका वर्कशॉपमधून पुढं लोडर बसवून घेतला. विचारलं, "किती उचलंल?" त्यानं त्याच पत्रकावर बोट ठेवलं. "कंपनीनंच लिहिलंय की, साडेसातशे." त्या बोटाचा राग माझ्या मनातून अजून गेला नाही. आपण सोयरीक जमवायची तर पोराच्या मामाच्या गावापर्यंत चौकशी करतो, आणि लाखांच्या यंत्राला एक आकडा वाचून हो म्हणतो.

मे महिना होता. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना 2017 पासून आपल्याकडं चाललीय, तुम्ही सगळ्यांनीच गाळ ओढलाय. आमच्या पाझर तलावातला गाळ वरून वाळलेला, भेगा पडलेला. आत मात्र लोण्यासारखा ओला. मी बकेट गच्च भरली आणि लिव्हर ओढला. छातीच्या उंचीपर्यंत आली आणि थांबली. रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब हद्दीबाहेर जायला लागला की तेल सोडून देणारी झडप, शिट्टीसारखा ओरडायला लागला. चुलतभाऊ खालून म्हणतोय, "रेस वाढव, रेस!" वाढवली. आवाज वाढला, धूर वाढला, बकेट तिथंच. म्हणलं, मागं घेऊन उतारावर वळवू. जरासा वळलो आणि बुडाखालचं सीट एका अंगानं हलकं झालं. मान वळवून पाहिलं तर मागचं डावं चाक जमिनीपासून वीतभर वर होतं. त्याच्या नक्षीत अडकलेलं एक वाळलेलं ढेकूळ सुटून खाली पडलं, आणि चाक हवेत सावकाश फिरत राहिलं. चुलतभाऊ ओरडला, "खाली सोड, आधी खाली सोड!" लिव्हर पुढं ढकलला, बकेट भुईला टेकली, मागचं चाक खाली आलं. कुणाला काही झालं नाही. पण चार दिवस ते फिरणारं चाक डोळ्यांपुढून हललं नाही.

मग मी अंगणात खेळ मांडला. ट्रॅक्टरच्या मागं वजन अडकवलं, सिमेंटच्या 50 किलोच्या सहा गोण्या घेतल्या आणि बकेटच्या आतल्या पाठीला लावून रचल्या. लोडर शेवटपर्यंत वर गेला. त्याच सहा गोण्या बकेटच्या पुढच्या ओठावर सरकवल्या. खांद्याच्या उंचीला थांबला. ट्रॅक्टर तोच, तेल तेच, गोण्या त्याच. आई ओट्यावरून बघत होती. ती म्हणाली, "घागर कडेवर घेतली तर मैलभर जाते, हात लांब करून धरली तर दारापर्यंत जात नाही." मी तिला म्हणलं, तू ये माझ्याऐवजी भाषणाला.

यावरून आठवलं, आकड्यांचं हे दुखणं फक्त आपलं नाही. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात विल्मट क्रोझियर नावाचा शेतकरी आमदार होता. त्यानं घेतलेला ट्रॅक्टर जाहिरातीतलं काम करीना. त्यानं विधिमंडळात कायदा आणला, 1919 साली, की चाचणी झाल्याशिवाय राज्यात ट्रॅक्टर विकायचा नाही. पुढच्या वर्षापासून तिथं चाचण्या सुरू झाल्या. आपल्याकडं मध्य प्रदेशात बुदनीला 1955 पासून सरकारी केंद्र आहे, तिथं ट्रॅक्टर तपासले जातात. अहवाल मागून वाचा. परभणीला आपल्या कृषी विद्यापीठात अभियांत्रिकीचं महाविद्यालय आहे, तिथं पोरांना...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिलीत. बरं, पटापट घेतो.

पत्रकातले साडेसातशे मागच्या लिफ्टचे, पुढच्या लोडरचे नव्हेत. महिंद्रा जिवो 245 चे 750, कुबोटाच्या बी 2441 चे 750, जॉन डियरच्या 3028 ईएनचे 910, हे सगळे आकडे मागच्या तीन सांध्यांवर, म्हणजे जिथं नांगर-रोटाव्हेटर जोडतो तिथं, उचलायचे. आणि मागचेसुद्धा खालच्या दांड्यांच्या टोकाशी मोजलेले. चाचणीत त्या टोकापासून 610 मिलिमीटर मागंही मोजतात, तिथं आकडा बदलतो.

लोडरचं तसंच. बाहेरच्या देशांतल्या पत्रकांत दोन आकडे असतात, एक बकेटच्या पिनेवर, म्हणजे दांड्याला बकेट जोडणाऱ्या खिळीवर, दुसरा पिनेच्या 500 मिलिमीटर पुढं. माल पिनेवर लटकत नाही, पुढं असतो. माझ्या लोडरचा दांडा मागच्या सांध्यापासून पिनेपर्यंत 1700 मिलिमीटर. पिनेवर 500 किलो उचलत असेल तर 500 मिलिमीटर पुढं 500 गुणिले 1700 भागिले 2200, म्हणजे 386. त्यातून बकेटचे 110 वजा करा. मालाला उरले पावणेतीनशेच्या आसपास. एक लोडर पिनेवरचा आकडा सांगतो, दुसरा पुढचा, आणि आपण दोन्ही शेजारी ठेवून स्वस्त-महाग ठरवतो.

उंचीही विचारा. भुईपासून सुटताना जोर जास्त असतो, पूर्ण वर कमी. ट्रॉली भरायची तर वरचाच आकडा कामाचा.

रेसचं सांगतो. रेस वाढवली की तेल जास्त येतं, लोडर लवकर उठतो. जोर तेलाच्या दाबानं ठरतो आणि दाब रिलीफ व्हॉल्व्हवर थांबतो. लोडरचा दांडा ढकलणारा 50 मिलिमीटर व्यासाचा तेलाचा जॅक 150 बार दाबाला तीन टन ढकलतो, दोन जॅक सहा टन. पण जॅक सांध्याजवळ असतो आणि ओझं लांब. कुणी व्हॉल्व्ह आवळून देतो म्हणलं तर हाकलून द्या, पाइप फुटंल नाहीतर पंप जाईल.

मालाचं वजन: पाव घनमीटरच्या बकेटीत कुजलेलं, सुकं शेणखत दीडशे किलोच्या आत-बाहेर बसतं. ओला गाळ सव्वाचारशे.

आता आजोबांचा हात. बकेटीत 400 किलो, पुढच्या एक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, 1.2 मीटर पुढं, दोन्ही एक्सलमध्ये अंतर दीड मीटर. पुढच्या एक्सलवर 720 किलो वाढतात, 400 नव्हे, कारण मागून 320 उचलले जातात. ट्रॅक्टर धुरजड झाला! मागच्या एक्सलच्या 80 सेंटिमीटर मागं 200 किलो लटकवा, मागचे 307 परत येतात. रोटाव्हेटर लटकवा, किंवा अर्ध्या ड्रममध्ये काँक्रीट ओता, 240 किलो होतं. आणि पुढचा एक्सल मधोमध एका खिळीवर झुलतो, म्हणून भरलेली बकेट गुडघ्याच्या खाली ठेवूनच चाला, उतारावर तर...

दुसरी चिठ्ठी. ट्रॅक्टर बाहेर लिंबाखाली उभा आहे, ड्रम मागं अडकवलाय, सहा गोण्या ट्रॉलीत आहेत. चहा घ्या आणि गोण्या उचलायला चौघं जण या, मागच्या रांगेतली पोरं आधी. पहिल्यांदा पाठीला लावून रचू, मग ओठावर.