एका मतानं पडलेलं सरकार आणि राजकारणाचं इंग्रजी

श्रोतेहो, नमस्कार.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं, मुलाखतीला निघालेले पदवीधर, रोज इंग्रजी पेपर उघडून तिसऱ्या ओळीला अडखळणारे वाचक, या सगळ्यांची एक तक्रार असते. राजकारणातले इंग्रजी शब्द पाठ होतात, पण टिकत नाहीत. कारण साधं आहे. आपण त्यांची यादी करतो. 'मोशन' म्हणजे ठराव, 'व्हिप' म्हणजे पक्षादेश, 'अ‍ॅबस्टेन' म्हणजे तटस्थ राहणं. आठवड्याभरात यादी पुसली जाते.

हे शब्द सुटे नसतात. एक घडामोड सुरू झाली की ते ठरलेल्या क्रमानं येतात. म्हणून यादी नको, प्रसंग घ्या. पुन्हा सांगतो, यादी नको, प्रसंग घ्या. आज आपण एकच प्रसंग घेऊ. १७ एप्रिल १९९९, दिल्ली, लोकसभा. तुमच्यापैकी पस्तिशी-चाळिशी ओलांडलेल्यांना तो दिवस आठवत असेल. त्या एका दिवसात संसदीय इंग्रजीचा निम्मा शब्दसंग्रह सापडतो.

आधी मागचा धागा. १९९८ च्या निवडणुकीत कुणालाच स्पष्ट बहुमत मिळालं नव्हतं. आपण त्रिशंकू लोकसभा म्हणतो, इंग्रजीत 'हंग पार्लमेंट'. अटलबिहारी वाजपेयींनी बऱ्याच पक्षांची मोट बांधून सरकार बनवलं. अशा सरकारला 'कोअलिशन गव्हर्नमेंट' म्हणतात. उच्चारात जोर 'लि'वर द्या: कोअ-लि-शन. काही पक्ष सरकारात होते. तेलुगू देसमसारखा पक्ष मंत्रिपदं न घेता बाहेरून पाठिंबा देत होता, तो 'आउटसाइड सपोर्ट'.

१४ एप्रिलला जयललितांच्या अण्णाद्रमुकनं पाठिंबा काढून घेतला. इथे क्रियापद टिपा: 'विथड्रॉ'. 'विथड्रू सपोर्ट'. आपली मुलं हमखास 'टुक बॅक सपोर्ट' लिहितात. अर्थ कळतो, पण तसं कुणी म्हणत नाही. पाठिंबा देताना 'एक्स्टेंड', काढताना 'विथड्रॉ'.

राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी सरकारला बहुमत सिद्ध करायला सांगितलं. बातमीत हे येतं 'टु प्रूव्ह इट्स मेजॉरिटी ऑन द फ्लोअर ऑफ द हाउस' असं. 'हाउस' म्हणजे सभागृह आणि 'फ्लोअर' म्हणजे त्या सभागृहाच्या बैठकीत, सर्वांसमोर. यातूनच आपल्याकडे 'फ्लोअर टेस्ट' हा शब्द रुळला. हा खास भारतीय इंग्रजी शब्द आहे. लंडनच्या पेपरात तुम्हाला 'कॉन्फिडन्स व्होट' दिसेल. दोन्ही बरोबर, पण परीक्षेतला उतारा कुठला आहे ते पाहून शब्द वापरा.

१५ तारखेला वाजपेयींनी विश्वासदर्शक ठराव मांडला. ठराव मांडणं म्हणजे 'मूव्ह अ मोशन'. 'गिव्ह अ मोशन' नाही, 'पुट अ मोशन'ही नाही. 'मूव्ह'. सरकार स्वतः मांडतं तो 'कॉन्फिडन्स मोशन', विरोधक मांडतात तो 'नो-कॉन्फिडन्स मोशन'. या दुसऱ्याला लोकसभेत किमान ५० सदस्यांचा पाठिंबा लागतो, तेव्हाच तो चर्चेला घेतला जातो. आणि विश्वास मंत्रिमंडळावर असला तरी इंग्रजीत 'ऑन' येत नाही, 'इन' येतं: 'कॉन्फिडन्स इन द कौन्सिल ऑफ मिनिस्टर्स'. आपल्या 'वर'मुळे ही चूक फार होते.

चर्चा दोन दिवसांहून अधिक चालली. सरकारी बाजूची बाकं ती 'ट्रेझरी बेंचेस', समोरची 'ऑपोझिशन बेंचेस'. त्या लोकसभेत विरोधी पक्षनेते आपले शरद पवार होते. त्या पदाचं इंग्रजी नाव 'लीडर ऑफ द ऑपोझिशन', त्यातलं 'ऑफ द' विसरायचं नाही.

आता येतो 'व्हिप'. हा शब्द दोन अर्थांनी येतो आणि इथेच गोंधळ होतो. पक्षाच्या सदस्यांना सभागृहात हजर ठेवणारा, कसं मतदान करायचं ते कळवणारा माणूस तोही 'व्हिप', आणि त्यानं काढलेला लेखी आदेश तोही 'व्हिप'. मराठीनं इथे दोन शब्द ठेवलेत, माणूस तो प्रतोद आणि आदेश तो पक्षादेश. म्हणून भाषांतर करताना आधी पाहा, वाक्यात व्हिप 'इश्यू' झालाय की 'अपॉइंट' झालाय. 'इश्यूड अ व्हिप' म्हणजे पक्षादेश काढला. 'अपॉइंटेड अ व्हिप' म्हणजे प्रतोद नेमला. २०२३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या सत्तासंघर्षाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा, म्हणजे नुसत्या आमदारांच्या गटाचा, नसून राजकीय पक्षाचा आहे, असं सांगितलं. त्या निकालाच्या इंग्रजी बातम्या आजही शोधून वाचा, 'व्हिप'चे दोन्ही अर्थ एकाच पानावर मिळतील.

आदेश मोडला तर? 'डिफाय द व्हिप'. नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ यांनी त्या दिवशी तेच केलं. पक्ष सरकारच्या बाजूनं, सोझ यांचं मत विरोधात. पक्षानं त्यांना काढून टाकलं, 'एक्स्पेल्ड'. पक्षातून काढणं म्हणजे 'एक्स्पेल', सभागृहाचं सदस्यत्व जाणं म्हणजे 'डिस्क्वालिफाय'. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. पहिलं पक्ष करतो. दुसरं घटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली होतं, म्हणजे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं, आणि तो निर्णय सभागृहाचे अध्यक्ष देतात.

दुसरं नाव गिरिधर गमांग. ते काँग्रेसचे खासदार होते आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये ओडिशाचे मुख्यमंत्री झाले. पण विधानसभेवर अजून निवडून गेले नव्हते आणि लोकसभेचा राजीनामाही दिला नव्हता. घटना मंत्र्याला सभागृहाचा सदस्य होण्यासाठी सहा महिने देते, ती मुदत संपायची होती. म्हणजे एका राज्याचा मुख्यमंत्री, 'सिटिंग एमपी' म्हणून लोकसभेत मतदानाला आला. सरकारी बाकांवरून हरकत घेतली गेली. अध्यक्ष जी. एम. सी. बालयोगी यांनी हा प्रश्न गमांग यांच्या सद्सद्विवेकबुद्धीवर सोडला. गमांग यांनी सरकारविरोधात मत दिलं.

तिसरी घडामोड बहुजन समाज पक्षाची. त्यांचे पाच खासदार तटस्थ राहतील असं सरकारी गोटात धरलं गेलं होतं. तटस्थ राहणं म्हणजे 'अ‍ॅबस्टेन', आणि त्याचं नाम 'अ‍ॅबस्टेन्शन'. आयत्या वेळी त्यांनी विरोधात मतदान केलं.

आता मतदान कसं होतं ते कान देऊन ऐका. अध्यक्ष आधी आवाजी मतदान घेतात, 'व्हॉइस व्होट'. बाजूनं असणारे म्हणतात 'आय', विरोधातले म्हणतात 'नो'. अध्यक्ष म्हणतात, 'आय थिंक द आइज हॅव इट.' नवख्याला वाटतं डोळ्यांविषयी काही चाललंय, कारण होकारार्थी 'आय' आणि डोळा यांचा उच्चार अगदी एकच आहे. 'नोज हॅव इट' म्हटलं की नाक ऐकू येतं. स्पेलिंग वेगळं, उच्चार तोच. 'हॅव इट' म्हणजे त्या बाजूची सरशी झाली.

कुणी हा कौल मान्य केला नाही तर मोजणी मागतात, ती 'डिव्हिजन'. घंटा वाजते, साडेतीन मिनिटांनी लॉबीची दारं बंद होतात, आत असतील तेवढेच मतदान करतात. बाकावरची बटणं दाबायची: हिरवं होकाराचं, लाल नकाराचं, पिवळं तटस्थतेचं.

त्या दिवशी फलकावर आकडे आले. बाजूनं २६९. विरोधात २७०.

एकूण ५३९ मतं. इथे एक महत्त्वाची गोष्ट आहे. आपण '२७२ हवेत' असं ऐकत आलोय, पण ते सगळ्या सभागृहाचं बहुमत झालं. अशा ठरावाला लागतं ते हजर राहून मतदान करणाऱ्यांचं बहुमत: 'मेजॉरिटी ऑफ द मेंबर्स प्रेझेंट अँड व्होटिंग'. हे चार शब्द, 'प्रेझेंट अँड व्होटिंग' आणि त्यामागची 'मेजॉरिटी', पाठ करा. तटस्थ राहणारा या मोजणीत धरला जात नाही, म्हणून अ‍ॅबस्टेन्शनलाही किंमत असते. गमांग मतदानातून बाहेर राहिले असते तर २६९-२६९, म्हणजे 'टाय', आणि मग अध्यक्षांचं निर्णायक मत, 'कास्टिंग व्होट'. अध्यक्ष एरवी मत देत नाहीत, फक्त बरोबरी झाली तरच देतात.

सरकार पडलं. 'द गव्हर्नमेंट फेल.' 'गव्हर्नमेंट फेल्ड' नाही! 'फॉल-फेल-फॉलन' हे पडणं, 'फेल-फेल्ड' हे नापास होणं. मराठी कानाला दोन्ही सारखे वाटतात आणि पेपरात एक गुण जातो. पुढे २६ एप्रिलला लोकसभा विसर्जित झाली, 'डिझॉल्व्ह्ड', आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या निवडणुकीपर्यंत वाजपेयींचं सरकार काळजीवाहू राहिलं, 'केअरटेकर गव्हर्नमेंट'. कारगिलचं युद्ध त्याच काळजीवाहू काळात लढलं गेलं.

हा प्रसंग शाळेत का शिकवला जाऊ नये? नागरिकशास्त्र हा विषय आपण इतिहासाच्या पुस्तकाच्या मागे काही पानांत कोंबलाय, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री मुलं ती पानं उलटतात. मतदार होणाऱ्या मुलाला डिव्हिजनची घंटा कशासाठी वाजते ते माहीत नसावं, हे मला पटत नाही. असो, शब्दांकडे येऊ.

सभागृहाच्या बाबतीत तीन क्रियापदांचा गोंधळ कायमचा मिटवून टाका. 'अ‍ॅडजर्न' म्हणजे बैठक तहकूब, हे अध्यक्ष करतात. 'प्रोरोग' म्हणजे अधिवेशन संस्थगित, हे राष्ट्रपती किंवा राज्यपाल करतात. 'डिझॉल्व्ह' म्हणजे सभागृहच विसर्जित. प्रोरोग झाल्यावर विधेयक मरत नाही, पण लोकसभा विसर्जित झाली की तिच्यापुढे पडून असलेली विधेयकं रद्द होतात, 'लॅप्स' होतात. विधान परिषद मात्र विसर्जित होत नाही. विधेयक म्हणजे 'बिल', आणि ते मंजूर होऊन राष्ट्रपतींची वा राज्यपालांची संमती, 'असेंट', मिळाली की मगच 'अ‍ॅक्ट'.

निवडणुकीतले शब्द आता पटकन. मत देणं 'कास्ट अ व्होट' किंवा नुसतं 'व्होट फॉर', आपलं 'गिव्ह व्होट' सोडून द्या. निवडणूक लढवणं आपल्याकडे 'कॉन्टेस्ट', ब्रिटनमध्ये 'स्टँड फॉर', अमेरिकेत 'रन फॉर'. 'कॉन्टेस्ट'च्या पुढे 'फॉर' लावू नका: 'कॉन्टेस्ट द इलेक्शन'. अनामत जप्त होणं म्हणजे 'लूज वन्स डिपॉझिट', वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मतं मिळाली नाहीत की ते होतं. 'टेबल' हे क्रियापद सांभाळा: ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे 'टेबल अ बिल' म्हणजे सभागृहात मांडणं, अमेरिकेत मात्र बाजूला ठेवणं. नेमका उलटा अर्थ.

उच्चारात मराठी माणूस जोर हलवायला विसरतो. 'डिमॉक्रसी'त जोर 'मॉ'वर, पण 'डेमक्रॅटिक'मध्ये 'क्रॅ'वर. 'पॉलिटिक्स'मध्ये पहिल्या 'पॉ'वर, 'पलिटिकल'मध्ये 'लि'वर, 'पॉलिटिशन'मध्ये 'टि'वर. एकाच कुटुंबातले तीन शब्द, तीन ठिकाणी जोर. आणि 'पॉलिटिक्स'च्या शेवटी 'एस' असला तरी सर्वसाधारण अर्थानं क्रियापद एकवचनी: 'पॉलिटिक्स इज'.

सरावाची रीत अशी. सकाळी एक राजकीय बातमी आधी मराठी पेपरात वाचा. घटना समजली की तीच बातमी इंग्रजी पेपरात उघडा. साधारण २०० शब्दांची पुरे, अग्रलेख घेऊ नका. पेन्सिलीनं नामं नव्हे, क्रियापदं अधोरेखित करा, पुढचं अव्यय धरून: 'विथड्रॉ फ्रॉम', 'डिफेक्ट टु', 'रिझाइन फ्रॉम'. अडतं ते इथेच. वहीत सुटा शब्द लिहू नका, पूर्ण वाक्य लिहा, दिवसाला पाचपेक्षा जास्त नाही. मग वही मिटून तीच घटना पाच इंग्रजी वाक्यांत मोठ्यानं सांगा. मनातल्या मनात नको. तोंड अडखळेल तो शब्द अजून आपला झालेला नाही, त्याच्यावर खूण करा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा सांगा.

रात्रीच्या टीव्ही चर्चांतून इंग्रजी शिकायला जाऊ नका. तिथे चार जण एकदम बोलतात आणि वाक्य पुरं होत नाही. त्यापेक्षा संसदेचं थेट प्रक्षेपण लावा, शक्यतो एखाद्या विधेयकावर मतदान असेल त्या दिवशी. अध्यक्ष ठराव मताला टाकतात ती दोन मिनिटं कान टवकारून ऐका. कुणी मोजणी मागितली तर पुढे लॉबी मोकळी करण्याचा आदेश येईल, 'लेट द लॉबीज बी क्लिअर्ड'. मग घंटा सुरू होईल, तेव्हा घड्याळ पाहायला विसरू नका.