बार्तमी सदन

(दृश्य: ब्रेलच्या पानावरून फिरणारी बोटं, अगदी जवळून)

सहा टिंबं. सगळी बाराखडी एवढ्यात बसते. जाड कागदावरून बोट सरकतं, एका शब्दापाशी अडतं, मागे येतं, शब्द पुन्हा लावून बघतं. पान बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचं आहे, अध्याय दहावा.

यरीहोच्या वाटेवर बार्तीमय नावाचा आंधळा भीक मागत बसला होता. येशू जवळून चाललाय हे कळताच त्यानं हाका मारायला सुरुवात केली. लोकांनी दटावलं, तर तो आणखी मोठ्यानं ओरडला. येशू थांबला. "त्याला बोलवा," म्हणाला. दृष्टी मिळाली ती नंतर. त्याआधी येशूनं त्याला विचारलं, मी तुझ्यासाठी काय करू? वाटेवरच्या भिकाऱ्याला त्याची इच्छा कोण विचारतं?

(दृश्य: मुक्ती मिशनचं आवार, झाडं, जुन्या इमारती)

पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यातलं केडगाव. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधल्या अंध स्त्रियांच्या घराला या बार्तीमयाचंच नाव आहे, बार्तमी सदन. रमाबाईंची लेक मनोरमा ब्रेल शिकून आली आणि तिनं इथल्या मुलींची बोटं त्या टिंबांवर फिरवली.

(दृश्य: रमाबाईंचं छायाचित्र)

भूक काय असते हे रमाबाईंनी स्वतः भोगलं होतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगायचे, सगळं कुटुंब एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला पायी जायचं. दक्षिणेत दुष्काळ पडला. झाडपाला खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. रमाबाई तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या. पुढे 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळलं आणि त्या उठून तिकडे गेल्या. रस्त्याकडेला पडलेल्या, हाडं मोजता येतील अशा मुली त्यांनी गोळा करून आणल्या. पुण्यात प्लेगचे दिवस. एवढ्या मुली शहरात ठेवायला मनाई झाली. शारदा सदनाला, म्हणजे विधवांसाठी त्यांनी काढलेल्या शाळेला, उत्पन्न व्हावं म्हणून फळबागेसाठी केडगावला जमीन घेतलेली होती. त्या माळावर तंबू ठोकले, झोपड्या उभ्या केल्या. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या. रोजची पंगत दोन हजारांच्या घरात गेली.

(दृश्य: विहीर, वरून)

मुक्तीत विहिरीची एक आठवण जपलेली आहे. पाऊस नाही, वापर एवढा मोठा. संध्याकाळी पाणी तळाला जायचं आणि सकाळी त्या दिवसापुरतं पुन्हा भरलेलं असायचं. पाच भाकरी आणि दोन माशांत येशूनं हजारोंना जेवू घातलं, वर बारा टोपल्या उरल्या, ही बायबलमधली गोष्ट ज्यांनी मनापासून मानली, त्यांना या पाण्याचं नवल वाटलं असेल, अविश्वास नाही. पण त्या भाकरींच्या गोष्टीत येशू शिष्यांना आधी सांगतो, "तुम्हीच त्यांना खायला द्या." केडगावात हे वाक्य शब्दशः पाळलं गेलं. दळण, माग, तेलाचा घाणा, गाईगुरं, शेत; खायला घालायचं आणि पायावर उभंही करायचं.

(दृश्य: जुन्या बायबलचं पान)

आणि छापखाना. साध्या बाईलाही वाचून समजेल असं मराठी बायबल हवं, म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मुळावरून भाषांतराला बसल्या. वर्षानुवर्षं ते काम चाललं. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या बायका मुक्तीतल्याच. यातल्या कितीतरी जणींना अक्षरओळख इथेच झालेली. हे पान नीट बघा, एकेक ओळ हातानं जुळवलेली आहे.

1921 मध्ये मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल 1924 साली छापून बाहेर आलं.

(दृश्य: रेल्वे स्थानकाचा फलक)

मुक्ती मिशनचं काम आजही सुरू आहे. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगाव स्टेशन लागतं. तिथं उतरायचं.