नवं इंजिन आणि पेटलेली ऑइलबत्ती

मंडळी, मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात गेली. पण घरच्या पद्मिन्या अजून आहेत, आणि त्यांची इंजिनकामं हल्ली हौसेनं होतात. ब्लॉक बोअर केला, क्रँक घासला, पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं नवं घातलं. मालक खूश. मग अर्धा तास गाडी फिरते, सिग्नलला थांबते, आणि डॅशबोर्डवरची ऑइलप्रेशरची लाल बत्ती लुकलुकायला लागते. फिटर लगेच म्हणतो, "साहेब, ऑइलपंप बदलू." मी आज एवढंच सांगायला उभा आहे की पंपाचा नंबर बराच नंतर लागतो. बत्ती कधी पेटते ते आधी बघा. दोष कुठं शोधायचा ते त्या वेळेवरूनच कळतं.

मुळात पंप प्रेशर तयार करत नाही, तो फक्त ऑइल ढकलतो. बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा धरला तरच पाणी जोरात उडतं, अंगठा काढला की नळ तोच असून धार मेली. इंजिनात हा अंगठा म्हणजे बेअरिंगमधली फट. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाला क्रँक ज्यात फिरतो ती तीन मेन बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉडची चार बिग एंड बेअरिंग, शिवाय कॅमशाफ्ट आणि रॉकर. एवढ्या जागांतून ऑइल सतत निसटत असतं आणि ते निसटायलाच हवं. किती निसटतं हा प्रश्न आहे. ही गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दोन थाउची (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फट तीन थाउ झाली तर गळती दीडपट होत नाही, सव्वातीनपटीच्या वर जाते. चार थाउ झाली तर आठपट. म्हणून लेथवाल्यानं "एक थाउ इकडं-तिकडं चालतं हो" म्हटलं की मी मायक्रोमीटर मागवतो.

आता पहिलं काम. बत्तीवर विश्वास ठेवू नका, आणि अविश्वासही नको, मोजा. बत्तीचा स्विच प्रेशर साधारण चार ते सात पौंडांखाली (दर चौरस इंचाला) गेल्यावर पेटतो. म्हणजे बत्ती विझलेली असताना प्रेशर आठ आहे की चाळीस, हे तिला सांगता येत नाही. स्विच काढून त्या जागी हातानं बसवायचं मेकॅनिकल मीटर लावा. गाडी चांगली अर्धा तास चालवून ऑइल तापवा, मगच वाचा. गार इंजिनाचं प्रेशर बघून बिल फाडणारे खूप आहेत. २०डब्ल्यू-५० ऑइल चाळीस अंशांना जितकं घट्ट असतं, त्याच्या साधारण आठव्या-नवव्या हिश्शावर ते शंभर अंशांना येतं. सकाळी पन्नास पौंड दाखवणारं इंजिन दुपारी पाचावर येऊ शकतं. दर हजार आरपीएमला दहा पौंड हा जुन्या फिटरांचा ठोकताळा आहे. ढोबळ आहे, पण कामाचा. मीटर नीट दाखवत असेल आणि बत्ती तरी पेटत असेल, तर दोष स्विचचा किंवा वायरीचा. दीडशे रुपयांच्या स्विचसाठी इंजिन उतरवलेलं मी पाहिलंय.

मीटरही कमी दाखवतंय असं धरू. पहिल्या स्टार्टपासून प्रेशर आलंच नाही, तर दहा-पंधरा सेकंदांत इंजिन बंद करा. पंप कोरडा राहिलेला असतो, किंवा ऑइल ओढणाऱ्या जाळीच्या नळीच्या जोडातून तो हवा ओढतो. ब्लॉक धुवायला गेला तेव्हा काढलेला गॅलरीचा, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटेचा, प्लग परत लावलाच नाही, हेही होतं आणि वाटतं त्यापेक्षा जास्त होतं. जुळवतानाच पंपाच्या गिअरमध्ये व्हॅसलीन भरा, ग्रीस नको. व्हॅसलीन वितळून ऑइलमध्ये मिसळतं, ग्रीस तसं सहज मिसळत नाही, जाऊन फिल्टरमध्ये बसतं. मग स्पार्क प्लग काढून स्टार्टरवर इंजिन फिरवा, प्रेशर दिसलं की प्लग लावा.

आधी चांगलं होतं, शे-दोनशे किलोमीटरनंतर रेस केल्यावर उतरायला लागलं? चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, खोला, जाळी बघा. चेंबरला भरभरून लावलेल्या सिलिकॉनचे तुकडे तिथं जमलेले असतात. बाहेर जेवढा सिलिकॉन दिसतो, तेवढाच आत दाबला गेलेला असतो.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती गरम इंजिन, स्लो (गाडी उभी, इंजिन चालू) आणि पेटलेली बत्ती या प्रकारावर. इथं फट मोजण्याला पर्याय नाही. दहा साइजचा क्रँक म्हणजे दहा थाउ, पाव मिलिमीटर कमी. क्रँक त्याहून जरा जास्त घासला गेला तर दहा साइजचं नवंकोरं बेअरिंगही ढिलं बसतं. जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, दोन दिशांनी मोजा, ओव्हल आहे का ते कळेल. बेअरिंगमध्ये मेणासारखा बारीक धागा ठेवून कॅप ठरलेल्या टॉर्कला आवळा, पुन्हा काढा, आणि धागा किती चेपला ते त्याच्यासोबत येणाऱ्या पट्टीवर वाचा. तोवर क्रँक फिरवायचा नाही. कॅमचे बुश हमखास विसरले जातात, कारण ते दिसत नाहीत.

याच प्रकारात काही गॅरेजवाले रिलीफ वॉल्व्हच्या (जास्तीचं प्रेशर सोडून देणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगखाली वॉशर घालतात. गार असताना मीटर ताठ उभं राहतं, गिऱ्हाईक खूश होतं. पण रिलीफ वॉल्व्ह फक्त वरची मर्यादा ठरवतो. गरम स्लोला तो आधीच बंद असतो, मग स्प्रिंग कितीही दाबा. वॉल्व्हच्या सीटवर कचरा अडकून तो उघडा राहिला असेल तर गोष्ट वेगळी, मग वॉल्व्ह साफ करायचा, वॉशर नाही घालायचा. घट्ट ऑइल ओतून बत्ती विझवणं ही गाडी विकायच्या आदल्या दिवशीची युक्ती आहे, दुरुस्ती नव्हे.

प्रेशर जास्त म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. मेनच्या वरच्या बेअरिंगला भोक असतं. ब्लॉकच्या बाजूला बिनभोकाचं बेअरिंग बसवलं गेलं तर त्या जर्नलला ऑइल पोचतच नाही. मीटर मात्र छान दाखवतं, कारण वाट बंद झालीय. थोड्या वेळात ते बेअरिंग जळतं.

मघाशी मागून एकानं विचारलं, बत्ती पेटली तर गाडी हळूहळू गॅरेजपर्यंत न्यावी का? नाही. टो करून न्या. आणि फिल्टर फेकू नका, कापून उघडा, कागदाच्या घड्या पसरून उन्हात धरा. चुंबकाला चिकटलं तर लोखंड. तांबूस चमक दिसली तर बेअरिंगचा वरचा थर गेलाय, आणि मग क्रँक पुन्हा लेथवर जाणार हे धरून चला.