सर्व्हरच्या पोटातला मॉड्यूल

नमस्कार. इथे बसलेल्यांपैकी पुष्कळ जण हिंजवडीत नाहीतर खराडीत नोकरीला असतील. तिथे ॲप्लिकेशन कंटेनरमध्ये भरून पुढे जातं, आणि सर्व्हरवर कुठला मॉड्यूल आहे हे पाहायला वेगळी माणसं असतात. मला आज निराळ्या सर्व्हरांबद्दल बोलायचंय. पेठेतली पतसंस्था, एखादं सार्वजनिक ग्रंथालय, कोथरूडमधलं मंगल कार्यालय, शाळेच्या प्रवेशाची वेबसाइट. यांच्याकडे भाड्याचा एक छोटा सर्व्हर असतो. त्यावर उबंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम, उबंटूवर अपाचे हा वेब सर्व्हर, आणि अपाचेमागे जँगो या पायथनच्या फ्रेमवर्कमध्ये लिहिलेलं ॲप्लिकेशन. कुणीतरी ते बसवून देतं आणि पुढची काही वर्षं त्याला हात लावायची वेळच येत नाही. मग कधीतरी उबंटू अपग्रेड होतं आणि सकाळी काउंटरवरच्या बाईंना स्क्रीनवर फक्त ५०० हा सर्व्हरच्या चुकीचा आकडा दिसतो.

फोन जातो ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याला. तो बिचारा आपला कोड उघडून बसतो. लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, म्हणतो, जँगो सापडत नाही. तो फोल्डरमध्ये जाऊन पाहतो, तर जँगो तिथेच आहे. मग परवानग्या तपासणं, पाथ बदलून पाहणं, रात्र जागणं. खरं तर त्याच्या कोडला काहीच झालेलं नसतं. बिघाड एक मजला खाली असतो, अपाचे आणि पायथन जिथे एकमेकांना जोडले आहेत तिथे. ही जोडणी कशी असते ते आपण आज नीट समजून घेऊ, कारण ते एकदा कळलं की अशा वेळी कुठे पाहायचं ते आपोआप कळतं.

अपाचेचा मॉड्यूल म्हणजे आधीच कंपाइल झालेली, डॉट-एसओ शेपटाची एक फाइल. अपाचे सुरू होताना ती स्वतःच्याच प्रोसेसमध्ये ओढून घेतो. तिथून पुढे अपाचेची मेमरी तीच मॉड्यूलची मेमरी. त्यामुळे या दोघांचं जुळणं हे प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या पातळीवरचं नसतं, मशीनच्या पातळीवरचं असतं. कुठली रचना मेमरीत किती जागा घेते, कुठलं फंक्शन कुठे आहे, हे मॉड्यूल कंपाइल झाला तेव्हाच पक्कं झालेलं असतं. अपाचे यासाठी प्रत्येक मॉड्यूलमध्ये एक क्रमांक कोरून ठेवतो आणि लोड करताना तो पडताळतो. २०१२ साली अपाचे २.४ आलं तेव्हा २.२ साठी कंपाइल केलेले मॉड्यूल त्यात चालेनात, ते याच कारणाने. तिथे निदान अपाचे उघडपणे नकार देतो. पायथनच्या बाबतीत तेवढं उघड काही होत नाही.

जँगोसाठी आपण वापरतो तो मॉड्यूल म्हणजे मॉड-विझगी. डब्ल्यूएसजीआय हा वेब सर्व्हर आणि पायथन ॲप्लिकेशन यांच्यातला करार, आणि या अक्षरांचा आपण बोलताना विझगी असा उच्चार करतो. ग्रॅहम डम्पलटन यांनी तो लिहिला, २००७ मध्ये. या मॉड्यूलच्या आत पायथनचा इंटरप्रिटर, म्हणजे पायथनचा कोड चालवणारा प्रोग्रॅम, जोडलेला असतो, आणि तोही एका ठरावीक आवृत्तीचा. ३.८ शी जोडून कंपाइल केलेला मॉड-विझगी ३.८ च चालवणार. कॉन्फिगरेशनमध्ये तुम्ही काहीही लिहा, तो ३.११ होत नाही. आणि एका अपाचेत दोन आवृत्त्यांचे दोन मॉड-विझगी एकत्र ठेवता येत नाहीत. बरेच जण समजतात की व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचा, म्हणजे ॲप्लिकेशनची पायथन पॅकेजेस जिथे वेगळी ठेवतात त्या फोल्डरचा, पत्ता दिला की त्यातलं पायथन चालेल. तसं होत नाही. त्या पत्त्यावरून मॉड्यूल फक्त लायब्ररी कुठे शोधायच्या एवढंच घेतो. पायथन त्याचं स्वतःचंच असतं.

आता मघाच्या ५०० कडे येऊ. उबंटू २०.०४ मध्ये पायथन ३.८ होतं, २२.०४ मध्ये ३.१० आहे. अपग्रेड झालं की पॅकेजमधून आलेला मॉड-विझगीही ३.१० चा होतो. तुमचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट मात्र जागच्या जागी राहतं. त्यातला जँगो 'लिब' खाली 'पायथन ३.८' नावाच्या फोल्डरात असतो. नवा इंटरप्रिटर 'पायथन ३.१०' नावाचं फोल्डर शोधतो, ते नसतं, आणि तो प्रामाणिकपणे सांगतो की जँगो सापडत नाही. उपाय म्हणजे नव्या पायथनने एन्व्हायर्नमेंट पुन्हा बनवायचं आणि सगळी पॅकेजेस पुन्हा बसवायची. पॅकेजेसची यादी कुणी लिहून ठेवली नसेल तरी घाबरू नका. जुन्या फोल्डरात डिस्ट-इन्फो शेपटाची उपफोल्डरं असतात. प्रत्येकाच्या नावातच पॅकेजचं नाव आणि आवृत्ती असते. ते जुनं फोल्डर घाईने पुसून टाकू नका, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.

याची उलटी बाजूही आहे. उबंटू २०.०४ वरच राहून जँगो ५.० घ्यायचं ठरवलं, तर त्याला पायथन ३.१० किंवा त्यापुढचं लागतं. मग लोक बाहेरून ३.११ आणतात आणि त्यात एन्व्हायर्नमेंट बनवतात. डेव्हलपमेंट सर्व्हरवर सगळं छान चालतं. अपाचेमागे मात्र ३.८ चा मॉड्यूल बसलेला असतो. कुणी पाथ जोडून वेळ मारून नेतं, तर निव्वळ पायथनमधली पॅकेजेस उघडतात आणि पोस्टग्रेस या डेटाबेसशी बोलणारं सायकोपीजी-२ अडतं, कारण त्याचा काही भाग सी मध्ये आहे. त्या भागाच्या फाइलचं नाव पाहा. त्यात 'सीपायथन-३११' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ३.८ चा इंटरप्रिटर त्या फाइलकडे पाहतसुद्धा नाही. अशा वेळी अपाचेची डेव्हलपमेंट फाइल्सवाली पॅकेज बसवायची, त्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये पिप या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने मॉड-विझगी कंपाइल करायचा, आणि उबंटूचा मॉड्यूल बंद करून हा लावायचा. काम फार नाही. पण आधी लॉगमधली एक ओळ वाचायची सवय लावून घ्या. अपाचे सुरू झाल्यावर एरर लॉगमध्ये अपाचेची, मॉड-विझगीची आणि पायथनची आवृत्ती एकाच ओळीत येते. माझ्या मते ही त्या लॉगमधली सगळ्यात मोलाची ओळ आहे.

पीएचपी वापरणाऱ्यांना हा प्रश्न वेगळ्या वाटेने भेटतो. अपाचे २.४ प्रोसेस आणि थ्रेड कसे वाटायचे हे एका वेगळ्या मॉड्यूलवर सोपवतं. त्याचा 'इव्हेंट' हा प्रकार थ्रेड वापरतो, 'प्रीफोर्क' वापरत नाही. नेहमीचा पीएचपी मॉड्यूल थ्रेडसाठी बनवलेला नसतो, म्हणून उबंटूवर तो बसवला की अपाचे प्रीफोर्कवर जातं. त्याच सर्व्हरवर जँगोही असेल तर त्याचीही चाल बदलते, आणि हे कुणी सांगत नाही.

सर्व्हर बंद पडण्यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती मध्येच गोठण्याची. मॉड-विझगी एका प्रोसेसमध्ये पायथनचे उपइंटरप्रिटर, म्हणजे इंटरप्रिटरच्या वेगवेगळ्या प्रती, बनवतो. नमपायसारखी सी मध्ये लिहिलेली काही पॅकेजेस ते गृहीत धरून लिहिलेली नाहीत. मग पान उघडतच नाही, चूकही दिसत नाही, ब्राउझर नुसता फिरत राहतो. ॲप्लिकेशन ग्रूपची किंमत 'ग्लोबल' ठेवली की सगळं मुख्य इंटरप्रिटरमध्ये चालतं आणि हा त्रास थांबतो.

आता एक गोष्ट खास आपल्यासाठी, मराठीत काम करणाऱ्यांसाठी. सभासद अर्जासोबत फाइल जोडतो आणि तिचं नाव असतं 'रहिवासी दाखला', देवनागरीत. तुमच्या लॅपटॉपवर ती चढते. सर्व्हरवर युनिकोड एन्कोडिंगची चूक येते. कारण उबंटूवर अपाचेच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये भाषेची सेटिंग 'सी' अशी ठेवलेली असते, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं. मॉड्यूल अपाचेच्या पोटात असल्यामुळे पायथनलाही तीच सेटिंग मिळते. मॉड-विझगीच्या डिमन प्रोसेसच्या, म्हणजे पायथन वेगळं चालवणाऱ्या प्रोसेसच्या, ओळीत लँग आणि लोकेल हे दोन पर्याय देऊन तिथे यूटीएफ-८ लिहिलं की फाइल चढते. हे न कळल्यामुळे 'फाइलचे नाव इंग्रजीतच द्यावे' अशी पाटी लावून मोकळ्या झालेल्या वेबसाइट मी पाहिल्या आहेत. सत्तरीतल्या आजोबांनी आपल्या दाखल्याचं नाव मराठीत लिहिलं, तर ते बरोबरच आहे. एका ओळीच्या सेटिंगसाठी त्यांना माघारी पाठवणं मला पटत नाही.

थोडा इतिहास सांगतो, कारण यातून वाट कशी निघाली ते त्यात दिसतं. जँगोच्या सुरुवातीच्या काळात मॉड-पायथन वापरत. प्रत्येक फ्रेमवर्कला त्या मॉड्यूलशी थेट जुळवून घ्यावं लागे. डिसेंबर २००३ मध्ये पीईपी ३३३ हा पायथनमधल्या सुधारणेचा प्रस्ताव आला आणि सर्व्हर व पायथन ॲप्लिकेशन यांच्यातला करार पहिल्यांदा कागदावर उतरला. तोच विझगी. पायथन ३ साठी त्याची सुधारित आवृत्ती, पीईपी ३३३३, २०१० मध्ये आली. त्याच वर्षी अपाचे फाउंडेशनने मॉड-पायथन निवृत्त केला, आणि जँगोने १.५ मध्ये त्याचा आधार काढून टाकला. करार लिहिला गेल्यामुळे इंटरप्रिटर अपाचेच्या बाहेर नेणं सोपं झालं. गुनिकॉर्न किंवा यूविझगी हे पायथन ॲप्लिकेशन चालवणारे सर्व्हर वेगळी प्रोसेस म्हणून चालतात, आणि अपाचे किंवा एनजिनएक्स फक्त विनंती पुढे ढकलतात. दोघांमध्ये उरतो तो एचटीटीपीसारखा प्रोटोकॉल. त्याला पायथनच्या आवृत्तीशी देणंघेणं नसतं. अपाचे बदला, पायथन बदला, एकाचा धक्का दुसऱ्याला लागत नाही. नवा सर्व्हर उभा करणार असाल तर मी हाच मार्ग सांगेन. यात दोन गोष्टी मात्र स्वतः सांभाळाव्या लागतात. जँगोला येणारी प्रत्येक विनंती आता त्याच मशीनवरून आल्यासारखी दिसते, आणि मूळ विनंती एचटीटीपीएसने आली होती हे त्याला कळत नाही. अपाचेने तशी हेडर, म्हणजे विनंतीसोबत जाणारी नोंद, पाठवायची आणि जँगोच्या सेटिंगमध्ये ती ओळखायला सांगायचं. नाहीतर एचटीटीपीएसची सक्ती चालू करताच पान स्वतःकडेच फिरत राहतं.

(श्रोत्यांमधून प्रश्न आला : सर, मग आत्ता चालू असलेल्या सर्व्हरवरून मॉड-विझगी काढून टाकू का?)

नको. चालत असेल तर काढू नका. ते डिमन पद्धतीत आहे ना, एवढं पाहा. त्या पद्धतीत पायथन अपाचेच्या मुख्य कामकऱ्यांपासून वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतं, ॲप्लिकेशन पुन्हा सुरू करायला अख्खा अपाचे थांबवावा लागत नाही. बदल करायचा तो उबंटूच्या पुढच्या आवृत्तीबरोबर, आणि चालत्या मशीनवर अपग्रेड न करता शेजारी नवं मशीन उभं करून. तिथे सगळं तपासा, मग डोमेनचा पत्ता तिकडे वळवा. जुनं मशीन महिनाभर ठेवा, त्याचं भाडं पतसंस्थेला परवडतं.

एकच अपवाद. ॲप्लिकेशनला वेबसॉकेट लागत असतील, म्हणजे रांगेचा टोकन क्रमांक पान न बदलता पडद्यावर सरकायला हवा असेल, तर मॉड-विझगीत ते होणार नाही. तो फक्त विझगी बोलतो. त्यासाठी एएसजीआय, म्हणजे विझगीचा वेबसॉकेटही सांभाळणारा धाकटा भाऊ, बोलणारा युव्हिकॉर्न किंवा डॅफ्नी सर्व्हर मागे चालवावा लागेल. अपाचे २.४.४७ पासून नेहमीचा एचटीटीपी प्रॉक्सी मॉड्यूल वेबसॉकेट स्वतःच पुढे नेतो. त्याआधीचं अपाचे असेल तर त्यासाठीचा वेगळा टनेल मॉड्यूल चालू करून घ्या.